भिंतीवरचं पान वाचून तर बघा

युरोप-अमेरिकेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि इंटरनेटवरच्या लिलावांत एक वस्तू हमखास दिसते. पिवळसर कातड्याचं मोठं पान, त्यावर लाल रेघा, रेघांवर काळे चौकोनी ठिपके आणि खाली जाड, टोकदार अक्षरांत लॅटिन. पान काचेच्या चौकटीत बसवलेलं असतं आणि मागे चिठ्ठी असते, ‘मध्ययुगीन संगीत, सुमारे १४५०’. तिकडे राहणारी आपली माणसं ते हौसेने घेतात. कुणी सुट्टीवर येताना भेट म्हणून आणतं. मग ते सोफ्याच्या वरच्या भिंतीवर लागतं, पाहुणे ‘हे काय?’ विचारतात, ‘चर्चचं जुनं म्युझिक आहे’ असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो.

माझी विनंती एवढीच, की विषय तिथे संपवू नका. लॅटिन येत नसलं, पाश्चात्य संगीत शिकलेलं नसलं, तरी ते पान कोणत्या सणाचं, कोणत्या प्रार्थनेचं, मठातलं की कॅथेड्रलमधलं, हे घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येतं. आणि हा नुसता रिकामपणचा उद्योग नाही. ते पान एका पुस्तकातून सुटलेलं आहे आणि त्याची बाकीची पानं कुठल्याकुठे पांगली आहेत. तुमच्या पानाची नीट ओळख पटली, तर ते पुस्तक पुन्हा जुळवणाऱ्यांना एक दुवा मिळतो.

२०२२ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथे एका तरुणाने चौकटीतलं एक पान ७५ डॉलरला घेतलं. त्यावर लॅटिन मजकूर होता, स्वरखुणा होत्या, सोन्याची वेलबुट्टी होती. कॉलेजात असताना त्याने अशाच पुस्तकाचं एक पान पाहिलेलं होतं, म्हणून त्याला शंका आली आणि त्याने आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे चौकशी केली. ते पान फ्रान्समधल्या बोव्हे कॅथेड्रलच्या मिस्सा-पुस्तकाचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या पुस्तकाचं निघालं. हे पुस्तक १२८५ च्या सुमाराचं. मूळची ३०९ पानं १९४२ पर्यंत एकत्र होती. त्या वर्षी ते विकलं गेलं आणि एका व्यापाऱ्याने ते फोडून एकेक पान विकलं. लिसा फेगन डेव्हिस या अभ्यासक गेली अनेक वर्षं ती पानं शोधून संगणकावर पुन्हा क्रमाने लावत आहेत. शंभराहून जास्त पानांचा पत्ता लागला आहे. बाकीची कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर असतील, पोटमाळ्यावर असतील, आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नसेल.

पुस्तकं सुटी झाली कशी

काही पुस्तकं धर्माच्या उलथापालथीत गेली. सोळाव्या शतकात इंग्लंड आणि स्वीडन कॅथलिक पंथापासून वेगळे झाले आणि लॅटिन उपासनेची पुस्तकं निरुपयोगी ठरली. पण कातडं चिवट आणि महाग, ते कोण फेकणार? स्वीडनमध्ये सरकारी अंमलदारांच्या हिशेबाच्या वह्यांना याच पानांची वेष्टणं घातली. त्यामुळे ती वाचली. आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशी वीस हजारांहून जास्त पानं आणि तुकडे नोंदवलेले आहेत. कॅथलिक देशांतही ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६८ मध्ये दैनिक प्रार्थनेचं आणि १५७० मध्ये मिस्साचं पुस्तक सुधारून आलं आणि जुन्या प्रती मागे पडल्या. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली, नेपोलियनच्या स्वाऱ्या झाल्या. स्पेनमध्ये १८३० च्या दशकात आणि इटलीत १८६६ नंतर मठ बंद झाले आणि त्यांची ग्रंथालयं बाजारात आली.

काही पुस्तकं मात्र प्रेमापोटी मेली. १७९८ मध्ये रोमच्या सिस्टाइन चॅपेलमधली गायनपुस्तकं लुटली गेली. त्यातली चित्रं कापून काढलेली होती, आणि लुइजी चेलोत्ती नावाच्या धर्मगुरू-व्यापाऱ्याने १८२५ मध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात ती मांडली. कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्याकडे १२९० सालची बोप्रे मठातल्या नन्सची गायनपुस्तकं होती. मध्ययुगीन कलेवर जीव असलेल्या या माणसाने स्वतःच्या हाताने त्यातली पानं काढून वाटली. उरलेले खंड आज बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहेत. विसाव्या शतकात क्लीव्हलंडच्या ऑटो एगे यांनी तर पानं सुटी करण्याचं शास्त्रच केलं. पन्नास हस्तलिखितांतलं एकेक पान घेऊन त्यांच्या पन्नास-पन्नास पानांच्या चाळीस पेट्या तयार झाल्या आणि त्या ग्रंथालयांना विकल्या गेल्या. बोव्हेची पानंही त्यांच्या हातून गेली. एगेंचं म्हणणं होतं, की अख्खं पुस्तक परवडणार नाही अशा हजारो माणसांना निदान एक पान हाताळता यावं. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पण गाण्याच्या पुस्तकात क्रम म्हणजेच माहिती असते. कोणत्या गीतानंतर कोणतं येतं, कोणत्या संताचा सण कुठे बसवला आहे, यावरून ते पुस्तक कोणत्या गावचं हे कळतं. पान सुटलं की ते सगळं तुटतं.

आधी मागची बाजू पाहा

चौकट उतरवा आणि मागचा पुठ्ठा सुटत असेल तर सोडवा. पान पुठ्ठ्याला चिकटवलेलं असेल तर ओढू नका. ते काम जाणकाराचं आहे. पण बहुतेक वेळा पान नुसतं अडकवलेलं असतं, आणि मागच्या पृष्ठावर तुम्हाला पुढच्यापेक्षा जास्त सापडतं. विक्रेता रंगीत अक्षराची देखणी बाजू पुढे लावतो. तारीख, सण, पानाचा क्रमांक हे सगळं मागे राहतं.

पानाच्या एका उभ्या कडेला शिवणीची भोकं किंवा घडीची खूण दिसेल. ती पुस्तकाच्या पाठीकडची बाजू. ती डावीकडे आली की समोर असतं ते पहिलं पृष्ठ, आणि पानाचा आकडा असलाच तर बहुधा तिथे वरच्या भागात रोमन अंकांत, पुष्कळदा लाल शाईत असतो. आता कातडं पाहा. मेंढी, बकरी किंवा वासराचं हे कातडं एका बाजूने जरा पिवळट असतं आणि त्यावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात. दुसरी, मांसाकडची बाजू पांढरी आणि मऊ असते. दोन्ही बाजू अगदी सारख्या, गुळगुळीत आणि एकाच छटेच्या असतील, ठिपके छापल्यासारखे दिसत असतील, तर भिंग घ्या. छापील नकला भरपूर फिरतात.

दोन्ही पृष्ठांचे फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. फ्लॅश नको, खिडकीतला तिरपा उजेड पुरे. खरवडलेली, पुसून पुन्हा लिहिलेली अक्षरं तिरप्या उजेडातच उठून दिसतात.

रेघा मोजा

दहाव्या शतकातल्या पुस्तकांत स्वरखुणांखाली रेघाच नाहीत. स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन मठातली हस्तलिखितं पाहा. शब्दांच्या डोक्यावर नुसते बारीक फटकारे आहेत. चाल आधीच पाठ असलेल्या गायकाला स्वर चढतो की उतरतो याची आठवण करून देणं, एवढंच त्यांचं काम. सुमारे १०२५-३० च्या काळात इटलीतल्या ग्वीदो दारेत्सो या साधूने रेघांची पद्धत पक्की केली. तो रेघांना रंगही द्यायचा, एका स्वराला लाल आणि दुसऱ्याला पिवळा. त्यामुळे न ऐकलेली चालही पोराला पान पाहून गाता येऊ लागली. पुढे चार रेघा रूढ झाल्या, आणि बाराव्या-तेराव्या शतकांत चौकोनी ठिपके स्थिरावले. जर्मन भागात मात्र ठिपक्यांचा आकार घोड्याच्या नालेच्या खिळ्यासारखा राहिला. तेव्हा खिळ्यासारखी खूण दिसली तर आल्प्सच्या उत्तरेकडच्या जर्मन भागात शोधा, चौकोनी दिसली तर इटली, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड.

बाजारात येणारी बहुतेक पानं चौकोनी ठिपक्यांचीच असतात आणि त्यातली बरीचशी खूप मोठी असतात, अर्धा मीटर उंच किंवा त्याहूनही जास्त. पान मोठं म्हणजे जुनं, असा अनेकांचा समज होतो. खरं तर उलट होण्याचीच शक्यता जास्त. ही पुस्तकं गायकवृंदासमोर एका घोडीवर उघडून ठेवत आणि सगळे उभे राहून त्यातूनच गात, म्हणून अक्षर मोठं. असली प्रचंड पुस्तकं पंधराव्या शतकापासून वाढली. छापखाने आल्यावरही स्पेन आणि इटलीत ती हातानेच लिहिली जात राहिली, सोळाव्या, सतराव्या, अगदी अठराव्या शतकातसुद्धा. चाराऐवजी पाच रेघा, गोलसर ठसठशीत अक्षरं आणि एका पृष्ठावर जेमतेम पाच-सहा ओळी असं पान समोर आलं, तर चिठ्ठीवरचं ‘१४५०’ विसरून आधी स्पेन आणि सोळावं शतक किंवा त्यानंतरचा काळ धरून पाहा.

लाल शाई सगळं सांगते

काळ्या शाईत गाण्याचे शब्द, लाल शाईत सूचना. लाल शब्द लहान आणि तोडून लिहिलेले असतात, पण पानाची ओळख पटते ती त्यांच्यामुळेच. पहिला प्रश्न एकच ठेवा. हे मिस्साच्या गाण्यांचं पुस्तक आहे, की दिवसभराच्या प्रार्थनांचं? मिस्साच्या पुस्तकाला ग्रॅज्युअल म्हणतात आणि मठात पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरल्या वेळी होणाऱ्या प्रार्थनांच्या पुस्तकाला अँटिफोनरी. विक्रेते सरसकट सगळ्यालाच अँटिफोनरी म्हणून मोकळे होतात.

लाल शाईत ‘इंट्रॉइट’ (प्रवेशगीत), ‘ग्रादुआले’, ‘ऑफर्टोरियम’, ‘कोम्युनियो’ अशांची तुटक रूपं दिसली, तर ते मिस्साचं. ‘अँटिफोना’, ‘रेस्पॉन्सोरियम’, ‘इन्व्हितातोरियम’, ‘आद व्हेस्पेरास’, ‘आद लाउदेस’ किंवा ‘नॉक्टर्न’ दिसलं, तर ते दिवसाच्या प्रार्थनांचं. आणखी एक खूण म्हणजे एखाद्या छोट्या गीताच्या शेवटी ई-यू-ओ-यू-ए-ई ही सहा रोमन अक्षरं सुटी सुटी लिहिलेली असतात आणि प्रत्येकावर स्वर असतो. तो कुठला गूढ शब्द नाही. स्तोत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘सेकुलोरुम आमेन’ या शब्दांतले नुसते स्वर ठेवले आहेत, म्हणजे त्या स्तोत्राचा शेवट कोणत्या चालीवर करायचा हे गायकाला कळावं. ही सहा अक्षरं पानावर दोन-चार ठिकाणी आली, तर पान बहुधा अँटिफोनरीचं.

मठ की कॅथेड्रल, याचाही अंदाज घेता येतो. पहाटेच्या मोठ्या प्रार्थनेचे नॉक्टर्न नावाचे टप्पे असतात. मोठ्या सणाला बेनेडिक्टाइन किंवा सिस्टर्शियन मठांत प्रत्येक टप्प्यात चार रेस्पॉन्सोरियम (वाचनानंतर गायची गीतं) गात. कॅथेड्रलमध्ये, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन साधूंमध्ये तीन. एकाच पानावर टप्पा पूर्ण दिसेलच असं नाही, पण दिसला तर मोजून ठेवा.

शब्द शोधण्याची युक्ती

पानाची सुरुवात बहुतेक वेळा शब्दाच्या मध्येच होते, कारण गाणं मागच्या पानावर सुरू झालेलं असतं. तिथे अडकू नका. पहिलं मोठं रंगीत अक्षर शोधा, कारण नवं गीत तिथून सुरू होतं. त्यापुढचे चार-पाच शब्द अक्षर-अक्षर लावून काढा. डोक्यावर आडवी रेघ असलेला शब्द कापून लिहिलेला असतो. ‘डी-एन-एस’वर रेघ म्हणजे ‘दोमिनुस’, ‘डी-एस’वर रेघ म्हणजे ‘देउस’. एम, एन, यू आणि आय ही अक्षरं या लिपीत सारख्याच उभ्या काड्या असतात, तेव्हा काड्या मोजा. यू आणि व्ही यांत फरक केलेला नसतो आणि ‘एई’च्या जागी पुष्कळदा नुसतं ‘ई’ असतं.

हे शब्द इंटरनेटवरच्या ‘कॅन्टस’ संग्रहात टाका. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये रूथ स्टायनर यांनी त्याची सुरुवात केली. आता त्यात शेकडो हस्तलिखितांतली गीतं सूचीबद्ध आहेत आणि प्रत्येक गीताला एक क्रमांक आहे. म्हणजे एकच गीत पोर्तुगालच्या पुस्तकात असो की पोलंडच्या, क्रमांक तोच. मिस्सा आणि दैनिक प्रार्थना दोन्हींसाठी ‘कॅन्टस इंडेक्स’ वापरा. दोन्ही फुकट आहेत. इंटरनेटची सवय नसेल तर फ्रान्समधल्या सोलेम मठाने १८९६ मध्ये पहिल्यांदा छापलेलं ‘लिबर उझुआलिस’ मिळवा. त्यात मागे गीतांची सूची आहे आणि ठिपकेही चौकोनीच.

गीत सापडलं म्हणजे सण सापडला, असं मात्र समजू नका. ‘गाउदेआमुस’ या नावाने ओळखलं जाणारं प्रवेशगीत घ्या. ते संत आगाथाच्या सणाला आहे, मरियेच्या स्वर्गोन्नयनाला आहे, सर्व संतांच्या सणालाही आहे. गीताचा साचा तोच, मधलं नाव बदलतं. तेव्हा सुरुवातीच्या शब्दांवर न थांबता पुढच्या ओळीत कोणाचं नाव आहे ते वाचा आणि मग पानावरचं त्याच्या आधीचं किंवा नंतरचं गीत शोधा. दोन शेजारी गीतं एकाच सणाला एकत्र येत असतील, तरच ओळख पक्की धरा.

संताचं नाव सापडलं की तारखेचीही एक बाजू पक्की होते. संत फ्रान्सिस १२२८ मध्ये संत घोषित झाले, थॉमस अक्विनास १३२३ मध्ये. त्यांच्या सणाची गाणी मूळ हाताने लिहिलेली असतील, तर पान त्या वर्षाच्या आधीचं असणं जवळजवळ अशक्य. उलट एखादं जुनं नाव चाकूने खरवडलेलं दिसलं, तर तेही बोलतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये थॉमस बेकेट या संताचं नाव सगळ्या उपासना-पुस्तकांतून पुसायचा हुकूम काढला. बेकेटच्या नावाजागी खरवड असलेलं पान त्या वर्षी इंग्लंडात होतं, असं म्हणायला हरकत नाही.

गाऊन बघा

इथे आपली माणसं पुढे आहेत. या संगीतात पट्टी ठरलेली नसते. आपल्यासारखीच ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे घ्यायची असते. ओळीच्या सुरुवातीला रोमन ‘सी’ अक्षरासारखी खूण एका रेघेवर असते. ती रेघ म्हणजे सा. तिथून वर-खाली रेघ आणि मधली जागा असे एकेक शुद्ध स्वर मोजत जा. ‘सी’ऐवजी ‘एफ’ची खूण असेल, तर ती रेघ मध्यम. मध्येच रोमन ‘बी’सारखं छोटं अक्षर आलं, तर निषाद कोमल. पेटी घ्या, पांढरी एक सा धरा आणि ओळ वाजवा. गाणं बहुतेक वेळा रे, ग, म किंवा प यांपैकी एका स्वरावर येऊन थांबतं, आणि कोणत्या स्वरावर थांबतं यावरून त्याचा प्रकार ठरतो.

एकावर एक दोन ठिपके असतील, तर खालचा आधी गायचा. जाड तिरपी पट्टी म्हणजे दोन स्वर, तिच्या वरच्या टोकाचा आणि खालच्या टोकाचा. उतरत जाणारे शंकरपाळ्याच्या आकाराचे ठिपके द्रुत नसतात. लेखणी तिरपी धरल्यामुळे तो आकार येतो. पश्चिमेचं आधुनिक संगीत शिकलेले लोक इथे हटकून फसतात. उभ्या रेघा तालाच्या नव्हेत, पुष्कळदा त्या नुसत्या शब्द वेगळे करतात. एका अक्षरावर पंधरा-वीस स्वरांची लांब तान दिसली, तर मिस्सातलं ग्रादुआले किंवा आलेलुया असू शकतं. एका अक्षराला एक-दोनच स्वर असतील, तर ती छोटी अँटिफोना असण्याची शक्यता जास्त.

ओळीच्या उजव्या टोकाला एक बारीक, अर्धवट ठिपका असतो. तो गायचा नसतो. पुढच्या ओळीचा पहिला स्वर कोणता, याची ती आगाऊ सूचना. पानाच्या मागच्या पृष्ठावरची शेवटची ओळ पाहा. तिथला हा ठिपका आणि अर्धवट तुटलेला शब्द पुढच्या, हरवलेल्या पानाचा पहिला स्वर आणि उरलेला शब्द सांगतात. दुसऱ्या कुणाकडचं पान तुमच्या पानाला जुळतं की नाही, हे याच खुणेवरून तपासता येतं. म्हणून नोंद करताना ही शेवटची ओळ सोडू नका.

नकली आणि सजवलेली पानं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, बहुधा पॅरिसमध्ये, एक चित्रकार खऱ्या जुन्या कातड्यावर खोटी मध्ययुगीन चित्रं काढायचा. त्याचं नाव आजही कळलेलं नाही, जग त्याला ‘स्पॅनिश फोर्जर’ म्हणतं. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातल्या बेल ग्रीन यांनी १९३० मध्ये त्याची हातोटी ओळखली. त्याची बरीच चित्रं गायनपुस्तकांच्या पानांवर आहेत. पुढचा मजकूर खरवडून त्यावर तो चित्र रंगवायचा, मागे खरी स्वरखुणांची बाजू तशीच राहायची. गंमत अशी, की आता त्याच्या खोट्या चित्रांचेही संग्राहक झाले आहेत. तुमच्या पानावरचं चित्र फारच गोड असेल, चेहरे नाटकातल्या नटांसारखे असतील किंवा सोन्याखाली पुसट रेघा आणि ठिपके दिसत असतील, तर जाणकाराला विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. साध्या पानावर नंतर रंग आणि सोनं चढवून किंमत वाढवायची युक्तीही जुनीच आहे.

सांभाळ

कातडं दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर ते लावू नका. समोरून ऊन येत असेल तर तिथेही नको. लॅमिनेशन, चिकटपट्टी, गोंद आणि इस्त्री यांतलं काहीही करू नका. पान वाकडं झालं तर वाकडंच राहू द्या. काचेला पान टेकू नये म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या. हाताळताना हात धुऊन कोरडे केले की पुरे.

आता तुमच्याकडून काय हवं

पान आधीच तुमच्याकडे असेल, तर दोन्ही बाजूंचे फोटो, माप, ओळींची संख्या, प्रत्येक ओळीच्या रेघा, सापडलेली गीतं आणि शेवटची ओळ एवढं एका कागदावर लिहा. कुठून, कधी, कुणाकडून घेतलं तेही लिहा आणि पावती जपा. कागदाची एक प्रत चौकटीच्या मागे पाकिटात ठेवा. फोटो जवळच्या विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागाला पाठवा. परदेशात राहत असाल तर हे आणखी सोपं आहे. स्वित्झर्लंडच्या फ्रिबूर विद्यापीठातला ‘फ्रॅगमेंटारियम’ प्रकल्प अशाच सुट्या पानांसाठी आहे. पान देऊन टाकायची गरज नाही, त्यांना माहिती हवी असते.

भारतात आणायचं असेल तर आधी विचार करा. १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा ७५ वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांनाही लागू होतो. आणलेलं पान पुन्हा बाहेर न्यायची वेळ आली, तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागेल. खरेदीची पावती जपायला सांगतो ती यासाठीही.

गोव्यातल्या आणि वसईतल्या वाचकांना वेगळी विनंती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट मोकळी करेपर्यंत आपल्याकडच्या देवळांत मिस्सा लॅटिनमध्येच होती. त्या काळात गायकवृंदात उभे राहिलेले आजी-आजोबा काही घरांत अजून आहेत. त्यांना पानाचे फोटो दाखवा, पहिले दोन शब्द वाचून दाखवा. नाताळचं की ईस्टरचं हे ते कदाचित गाऊनच सांगतील, आणि तुम्ही ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. माळ्यावर ‘लिबर उझुआलिस’ किंवा हाताने उतरवलेल्या लॅटिन गाण्यांच्या वह्या असतील, तर रद्दीत घालू नका. त्या वह्यांना मध्ययुगीन पानांची किंमत येणार नाही, पण आपल्याकडे ही गाणी कशी गायली जात होती याचा पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

आणि अजून पान घेतलेलं नसेल, घ्यायचा विचार असेल, तर विक्रेत्याला आधी एक प्रश्न विचारा, ‘बाकीची पानं कुठे आहेत?’ शंभर वर्षांपूर्वी फुटलेल्या पुस्तकाचं पान असेल, कागदपत्रं असतील, तर निर्धास्त घ्या, वाचा, नोंदवा. पण ‘अजून बरीच आहेत, हळूहळू विकायला काढतोय’ असं उत्तर आलं, तर समजा की तुमच्या पैशांवर एक पुस्तक आत्ता कापलं जातंय. तिथून पान घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर पुस्तक कापून त्याला फायदा नाही, आणि ते गिऱ्हाईक न होणं आपल्या हातात आहे.